आत्याच्या ओव्या : बारा लिनोकट ठरवले, सात झाले

आत्याला येत्या २० जुलैला पंच्याहत्तर पूर्ण होतील. तिच्या जात्यावरच्या ओव्यांवर बारा छापांचं एक हातपुस्तक करून तिला द्यायचं, असं डोक्यात घेतलंय. लिनोकट म्हणजे लिनोलियमचा तुकडा कोरून, त्याला शाई लावून काढलेला छाप. त्याचा माझा अनुभव म्हणजे दोन दिवसांचं एक शिबिर आणि तीन शुभेच्छापत्रं. दिवसभर साताऱ्यात हिशेबाची नोकरी, त्यामुळे काम फक्त रात्री आणि रविवारी. घरातली गाणी, गोष्टी घेऊन आणखी कुणी असं काही करायला निघालं, तर माझे पैसे जिथे बुडाले तिथे त्यांचे बुडू नयेत, म्हणून ही वही.

५ जानेवारी २०२५

सामान आलं. तीस बाय तीस सेंटिमीटरचे लिनोचे सहा तुकडे १,५०० रुपये, पाच पात्यांचा कोरण्यांचा संच ३५०, रबरी रोलर ४२०, पाण्याने धुता येणारी काळी शाई ३८०. एकूण २,६५०.

लिनो म्हणजे प्लास्टिक नव्हे. अळशीचं तेल आणि बुचाचा भुसा तागाच्या कापडावर बसवून करतात. त्यामुळे थंडीत तो दगड होतो. सकाळी सातला कोरायला बसले तर पातं आत जाईना. पंधरा मिनिटं गॅलरीत उन्हाला ठेवला आणि मऊ पडला. पापड वाळत घालावेत तसे आता रोज दोन तुकडे बाहेर असतात.

२६ जानेवारी

तीन आठवडे गेले आणि हातात एकही छाप नाही.

झालं असं, की गाण्याचं चित्र करायचं तर आधी तसं कुणी केलंय ते बघू म्हटलं आणि रागमालेत शिरले. सोळाव्या-सतराव्या शतकापासून दख्खनेत, राजस्थानात चितारी रागांची चित्रं काढत होते. तोडी म्हटलं की वीणा घेतलेली बाई आणि भोवती हरणं. हिंदोलात झोपाळा, आसावरीत साप, मेघात पावसाखाली नाचणारा कृष्ण. एक रविवार मुंबईला जाऊन वस्तुसंग्रहालय पाहून आले (जाऊन-येऊन ९४० रुपये). बाकी रात्री फोनवर चित्रं साठवण्यात गेल्या. काल मोजली : ३४०.

त्यांतून मी काय काढलं, तर हरणं. आत्याच्या गावात हरीण फक्त बिस्किटाच्या डब्यावर होतं.

कुठे चुकलं ते आज कळलं. रागमालेत चितारी आणि बघणारा यांच्यात आधीच करार झालेला असतो. हरणं दिसली की तोडी, हे दोघांनाही माहीत असतं. आत्याच्या ओवीचा असा करार कुणाशीच नाही. मी त्यांची खूण उचलली, तर ती माझ्याकडे नुसती नक्षी होऊन बसणार. ३४० चित्रं पुसून टाकली. आता नियम असा : पाहिलेलं जे त्याच दिवशी हाताने वहीत काढेन तेवढंच माझं. फोनवर साठवलेलं धरायचं नाही.

९ फेब्रुवारी

पहिला ठसा. आत्याच्या मुलाने मागे फोनवर तिच्या ओव्या भरून पाठवल्या होत्या, त्या मी उतरवून काढल्या. चव्वेचाळीस निघाल्या. त्यांतली पहाटेच्या दळणाची एक घेऊन चित्र केलं : जात्याशी बसलेली बाई, मागे तुळस, डोंगराआडून सूर्य.

कोरताना डावा हात पात्याच्या पुढे होता. पातं सटकलं आणि अंगठ्याच्या बुडाशी घुसलं. दोन टाके, ८०० रुपये, सहा दिवस काम बंद. हे सगळ्यांना सांगतात, मलाही शिबिरात सांगितलं होतं. पण सांगून कळत नाही. त्यापेक्षा एक लाकडी फळी घ्या, तिच्या एका काठाला खालून आणि दुसऱ्या काठाला वरून पट्टी ठोका. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडते, वरच्या पट्टीला लिनो टेकतो. मग डाव्या हाताने लिनो पुढून धरायची गरजच राहत नाही. सुताराकडच्या टाकाऊ तुकड्यात होतं, मला साठ रुपये पडले. हे आधी करा, मग शाई विकत घ्या.

१६ फेब्रुवारी

गावाला जाऊन आत्याला छाप दाखवला. तिने चष्मा लावला, कागद लांब धरला.

"आगं पोरी, ह्यात दाणं कुठनं घालायचं?"

जात्याला तोंडच नव्हतं. मी वरची तळी, म्हणजे वरचा दगड, सपाट काढली होती, भाकरीसारखी.

"आन् ही बाई डावरी हाय व्हय?"

ठसा कागदावर उलटा उमटतो. मी बाई सरळ कोरली, म्हणून छापात खुंटा तिच्या डाव्या हातात गेला. "मग वैरण कुठल्या हातानं घालती ही?" आत्याने विचारलं. मला वैरण म्हणजे गुरांची तेवढीच माहीत. जात्यात मुठीने दाणे सोडतात तेही वैरणं. रात्री घरी येऊन मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडला. पहिली आवृत्ती १८३१ची, दुसरी १८५७ची, आणि आजही असल्या शब्दांना तोच उपयोगी पडतो. पुढे महिनाभर झोपायच्या आधी त्याची दोन पानं चाळत होते. ओव्यांतले अडलेले नऊ शब्द त्यात लागले, पण चित्र एकही लागलं नाही. कोशाकडून तशी अपेक्षा ठेवणंच चूक.

उलट्याचा इलाज सोपा आहे. चित्र ट्रेसिंग पेपरवर काढायचं, कागद पालथा घालून कार्बनने लिनोवर उतरवायचं. अक्षरं कोरणार असाल तर जास्त जपा. ठ आणि ळ उलटे कोरले तरी पटकन कळत नाहीत, ग आणि र मात्र लगेच चुगली करतात.

पण उलट्यापेक्षा मोठं दुखणं वेगळं होतं. परतीच्या एसटीत छाप पुन्हा पाहिला. तुळस, सूर्य, डोंगर… मी तिसरीच्या पुस्तकातलं चित्र काढलं होतं. आत्याच्या ओवीत सूर्य नाहीच, अंधारात दळतेय ती.

२ मार्च

मावसभावाचं लग्न. घाणा भरायला जातं बाहेर काढलं, त्याला हळकुंड आणि आंब्याची पानं बांधली. पाच सवाष्णींनी खुंट्याला हात लावला. गाणं कुणालाच पूर्ण येईना, शेवटी एकीने फोनवर लावलं. फोटो काढून झाले आणि जातं परत भिंतीकडे गेलं. सगळं मिळून सहा मिनिटं.

मी मात्र त्या जात्यापाशीच बसले, कारण तळी उघडी पडली होती. दगडाच्या तोंडावर टाकीच्या, म्हणजे दगड टोचायच्या छिन्नीच्या, खुणा होत्या. बारीक, आखूड, एकाशेजारी एक, मधल्या भोकाकडून कडेकडे पसरलेल्या. इतकी वर्षं जातं बघितलंय, त्याचा आतला चेहरा कधीच पाहिला नव्हता.

तिथून तडक आत्याकडे गेले. आजीच्या जात्याची वरची तळी परसात हौदाशी पडलीय, कपडे आपटायला वापरतात. पालथी करायला दोघं लागले. शेवाळ घासून काढलं, उन्हात वाळू दिली, वर पातळ कागद ठेवून मेणखडू आडवा फिरवला. खुणा उमटल्या. तोंडाशी खोल, कडेला जवळजवळ पुसलेल्या, आणि एका बाजूला जास्तच झिजलेल्या. आत्या म्हणाली, टाकी लावणाऱ्या बायका गल्लीत हाळी देत यायच्या. बोथट झालेलं जातं पीठ भरडं काढतं, हाताला जडही जातं. टाकी लावल्यावरचं पहिलं दळण जनावराला घालायचं, कारण पिठात कच येते.

असे सात कागद उतरवले. खर्च : मेणखडू दहा रुपये. आतापर्यंतच्या सगळ्या खर्चात हाच काय तो कामी आलेला.

१५ मार्च

टाकीची खूण आणि लिनोवरची कोरणीची खूण सारखीच असते. दोन्हींत हात एक ठोका देतो आणि थांबतो. म्हणून ठरवलं, रेषा ओढायचीच नाही. बाई, सूप, रस्ता, पाऊस, सगळं टाकीच्या आखूड घावांनी करायचं.

स्वस्त संचाने ते होईना. पात्याची धार दहा मिनिटांत जाते, मग लिनो कापला न जाता फाटतो आणि घावाच्या टोकाला दाढीसारखे तंतू राहतात. चामड्याच्या जुन्या पट्ट्यावर पॉलिश लावून धार काढली, थोडा फरक पडला. शेवटी दोन चांगली पाती घेतली, एक इंग्रजी व्हीच्या आकाराचं, एक अर्धगोल, १,९०० रुपये. पाच स्वस्त पात्यांऐवजी आधीच ही दोन घेतली असती तर ३५० वाचले असते, आणि बहुधा अंगठाही. बोथट पात्यालाच जास्त जोर लागतो आणि तेच सटकतं.

या आठवड्यात एकच चित्र वहीत पुन:पुन्हा काढलं. नंदलाल बोसांचा १९३०चा गांधींचा लिनोकट, दांडीयात्रेच्या वेळचा, काठी घेऊन चालणारे गांधीजी. अकरा वेळा काढला. आधी मी पांढऱ्या भागाकडे पाहत होते. सातव्या-आठव्या वेळी लक्षात आलं की नंदलालांनी काळं किती राहू दिलंय. मागे ना डोंगर, ना समुद्र, ना माणसं. काळ्यात एक माणूस चाललाय, संपलं. माझ्या पहाटेच्या ओवीला हेच हवं होतं. सूर्य कोरून काढायला मी चार तास घालवले होते, आणि अंधार न कोरलेल्या लिनोत आयता पडलेला होता.

तोच विषय नव्याने कोरला. खुंट्यावरचे दोन हात, तोंडाशी मूठ, थोडं पीठ. बाकी काळं. पहिला पास.

३० मार्च, पाडवा

बाकीच्या ओव्या सरकेनात. कागदावर उतरवलेली ओवी दोन ओळींची, वाचून दहा सेकंदांत संपते. तिचं चित्र करायला गेलं की फक्त अर्थ हातात येतो आणि मी परत पाठ्यपुस्तकात जाऊन पडते.

म्हणून उतरवलेलं बाजूला ठेवलं आणि नुसतं ऐकायला लागले. आत्याच्या ओव्यांबरोबर ‘पारी’ या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावरच्या जात्यावरच्या ओव्याही रोज अर्धा तास. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सुरू केलेल्या कामातून एक हजारावर गावांतल्या लाखाहून जास्त ओव्या तिथे जमल्यात. कोरताना ऐकू नका, एक चांगला ठसा मी तसाच बिघडवला. आधी ऐका, मग कोरा.

ऐकताना जे कळलं ते कागदावर नव्हतंच. दोन ओळींची ओवी गाताना दोन मिनिटं चालते. अर्धी ओळ म्हणायची, परत तीच, मध्ये "गं बाई" घालायचं, "सांगते बाई" घालायचं, पुन्हा मागे जायचं, मग उरलेली अर्धी. प्रत्येकीची चाल आपली, तिला गळा म्हणतात. उतरवताना मी सगळे "गं बाई" गाळले होते, भरतीचे शब्द म्हणून. त्या भरतीवरच तर जातं फिरतं. पुढची ओळ सुचेपर्यंत हात थांबू नये म्हणून ते असतात.

याच ऐकण्यात तेविसावी ओवी सापडली. उतरवली होती मीच, पण तेव्हा कान तिकडे नव्हता :

माझ्या गं दारावरनं गेली साताऱ्याची गाडी
बंधू बसला आतमंदी, न्हाई खिडकी उघडी

आत्याला एकच बंधू. म्हणजे माझे बाबा.

संध्याकाळी श्रीखंडाची वाटी हातात असताना विचारलं. बाबा म्हणाले, "कधीचं काय काढतेस? झोप लागली असेल."

१३ एप्रिल

परत-परत म्हणणं छापात कसं आणायचं यावर दोन आठवडे. एकच ठसा ओळीत चार वेळा छापून पाहिला, साडीचा काठ झाला. तोच ठसा फिकट होत जाईल असा छापला, तोही काठच, फक्त जुन्या साडीचा.

मग ठसा गोल कापला. पंधरा सेंटिमीटरचा, जात्यासारखा, त्यावर टाकीचे घाव. एकदा पिठाच्या रंगात छापायचा, थोडा फिरवून मातकट रंगात, आणखी फिरवून काळ्यात. घाव एकमेकांवर चढतात आणि चकती फिरल्यासारखी दिसते. कल्पना चांगली होती, हात मात्र साथ देईनात. गोल ठशाला कोपरे नसल्यामुळे कागद दर वेळी दोन-तीन मिलिमीटर सरकायचा. एकोणीस कागद वाया.

उपाय जात्यातच होता. जातं मेखेवर फिरतं. ठशाच्या मधोमध भोक पाडलं, खालच्या फळीत एक बारीक खिळा उभा केला, कागदालाही मध्ये भोक, आणि कागद त्या खिळ्यावर अडकवला. सरकणं बंद. पण शाई लावताना रोलर खिळ्यावरून गेला आणि त्याला चीर पडली. नवा रोलर, पुन्हा ४२० रुपये. आता क्रम असा : ठसा वेगळ्या काचेवर ठेवून शाई लावायची, मग तो उचलून खिळ्यावर बसवायचा, मग कागद. फळीवर घड्याळासारख्या बारा खुणा केल्यात, दर वेळी दोन खुणा फिरवायचं.

दाबायला यंत्र नाही. लाकडी डावाच्या पाठीने घासते. एका छापाला सहा मिनिटं, आणि दुसऱ्या दिवशी खांदा.

कागदाच्या मध्ये मात्र दोन मिलिमीटरचं भोक राहतं. खळ लावून मागून बुजवायचं ठरवलंय.

४ मे

पुण्याला एक दिवस. सकाळी शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून कागद घेतला, १,६८० रुपयांचा. एक जाड पोताचा, एक गुळगुळीत. जाड कागद कोरडा वापरला तर घाव उमटत नाहीत. ओल्या फडक्यात रात्रभर गुंडाळून ठेवला तर सुरेख उमटतात. अर्थात हे दोन ताव नासल्यावर कळलं.

दुपारी केळकर संग्रहालय. अडकित्ते आणि दिवे बघत बसले तर दिवस तिथेच जातो, म्हणून आधी चित्रकथीच्या चित्रांपाशी गेले. वहीत तीन काढली. मागे काही नाही, माणसं बाजूने दिसणारी, डोळे मोठे. ही चित्रं भिंतीवर लावायची नव्हतीच. दोन कागद पाठीला पाठ चिकटवलेले, असा सुट्या चित्रांचा गठ्ठा, त्यालाच पोथी म्हणतात. गोष्ट सांगणारा एकेक चित्र उचलून समोर धरतो आणि गातो. म्हणजे चित्र हातात धरायचं आणि गाणं तोंडाने चालू. मी शिवलेलं पुस्तक करणार होते, ते तिथल्या तिथे रद्द केलं. सुटी पानं, वर-खाली दोन फळ्या, लाल कापडाचं बासन. शिवण्याचे नऊशे रुपये वाचले, हा आणखी एक फायदा.

भोकाचा निकाल त्याआधीच ग्रंथालयात लागला होता. जुन्या ताडपत्रांच्या पोथ्यांत दोरी ओवायला भोक असायचं. पुढे कागद आला, दोरीची गरज सरली, तरी जैन हस्तलिखितांत कितीतरी काळ त्या जागी लाल ठिपका काढत राहिले. दोरी गेली, जागा राहिली. ते वाचल्यावर खळीची वाटी धुऊन ठेवली. भोक ठेवायचं.

८ जून

वाईट पंधरवडा.

पाण्याची शाई मोठ्या काळ्या भागात ठिपके सोडत होती, म्हणून ओळखीच्या एका छापखान्यातून ऑफसेटच्या शाईचे उरलेले दोन डबे आणले, दोन्ही मिळून ३०० रुपये. काळं असं बसलं की काय सांगू. चाळीस छाप एका रविवारी काढले आणि गॅलरीत दोरीवर चिमटे लावून टांगले.

यंदा पाऊस मे महिन्यातच आला. तीन दिवस झाले, शाई ओली. आठ दिवस, ओली. बाराव्या दिवशी बोट लावलं तर काळं. दोष पावसाचा असेल म्हणून पंखा लावला, एक रात्र दिव्याखाली ठेवले. डबा नीट वाचला तेव्हा कळलं, शाई रबर बेसची. ती हवेने वाळतच नाही, कागदाने शोषली तरच कोरडी होते. माझा गुळगुळीत कागद तिला शोषायला तयार नव्हता. चाळीसच्या चाळीस गेले. त्यातल्या काहींना आता बुरशीचे ठिपकेही आलेत.

शाई घेताना ती तेलाची, हवेने वाळणारी आहे का हे विचारा, मगच डबा उचला. नवा डबा ५२० रुपये. दमट हवेत तिलाही पाच दिवस लागतात. पुसायला रॉकेल शोधत फिरू नका. गोडं तेल आणि चिंधी, मग भांड्याचा साबण. माझ्या स्वयंपाकघरातलं अर्धा लिटर तेल असंच गेलं, ते हिशेबात धरलेलं नाही.

२२ जून

बारा होणार नाहीत. झालेल्या नऊ ठशांतले तीन काढून टाकले. ते बरे होते, पण नुसते चांगले दिसण्यासाठी केलेले होते. त्यात एक मोर होता. ओवीत मोर नाही, माझ्या हाताला तो येतो एवढंच. राहिले सहा, आणि सातवी एसटी.

एसटी आजवर पुढे ढकलत आले. बाबांचा चेहरा खिडकीत काढून पाहिला, मग पाठमोरा, मग खिडकीतला हात. सगळं कमी झालं नाहीतर जास्त. शेवटी चेहरा काढून टाकला. खिडकीचा एकच छोटा ठसा केला, बोटभर, आणि आठ जागांच्या ओळीत तो सात वेळा छापला, ओवीतल्या "गं बाई"सारखा. सात खिडक्या घावांच्या, उघड्या. सहाव्या जागी फक्त सपाट काळं. बाकी गाडी म्हणजे छप्पर, चाकं आणि मागचं दार. घाईत होते, थेट लिनोवरच पेन्सिलीने काढली आणि एका रात्रीत कोरली. सातांत सगळ्यात कमी वेळ हिला लागला आणि मला वाटतं सगळ्यात चांगली हीच.

६ जुलै, आषाढी

प्रत्येकी पंधरा, एकूण १०५ छाप पूर्ण. वाया गेलेले, रबर शाईचे चाळीस सोडून, ५७. पेन्सिलीने खाली आकडे घातले. मागे दुसऱ्या कागदावर ओवी हाताने लिहिली, सगळ्या "गं बाई"सकट, आणि दोन्ही पाठीला पाठ चिकटवले. चिकटवताना कागद फुगतात, वर मोल्सवर्थ ठेवला.

१२ जुलै

हिशेब. सामान २,६५०, मुंबई ९४०, टाके ८००, फळी ६०, मेणखडू १०, पाती १,९००, दुसरा रोलर ४२०, कागद १,६८०, शाया ८२०, पोथीच्या लाकडी फळ्या आणि कापड ६९०. एकूण ९,९७०. यातले निदान ३,००० माझ्या चुकांचे. वेळ मोजला तो असा : कोरणं ६१ तास, छापणं ३४, आणि नुसतं भटकणं, बघणं, ऐकणं याचा आकडा लिहायची हिंमत नाही.

२० जुलै

दुपारी जेवणं झाल्यावर बासन सोडलं. आत्याने पहिलं पान उचललं, मधल्या भोकावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "घातलं व्हय तोंड?" मग पानं मांडीवर घेऊन एकेक ओवी म्हणू लागली. लिहिलेलं वाचत नव्हती, चित्र बघून म्हणत होती. दोन ठिकाणी माझी "गं बाई" चुकीच्या जागी पडलीय असं तिने सांगितलं.

एसटीचं पान आलं तेव्हा ती थांबली आणि ते तसंच बाबांच्या हातात दिलं. बाबांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "चुकलंय हे. गाडीचं तोंड उजवीकडं आहे आणि दार पण दिसतंय. एसटीला माणसं चढायचं दार उजव्या अंगाला कधीपासून आलं?"

पालथं घालायचं मी विसरले होते. पंधराच्या पंधरा उलट्या.

"आणि साताऱ्याला जाताना आपलं घर डाव्या हाताला लागतं," बाबा सांगत होते. "मी बसलो होतो उजवीकडं, ड्रायव्हरच्या मागं. तिथनं खिडकी उघडून काय उपयोग होता?"

आत्याने पान परत घेतलं, फळीवर पालथं ठेवलं.

"म्हंजी जागा हुतास," ती म्हणाली.

एसटीचा ठसा नव्याने कोरायचाय. लिनोचा शेवटचा तुकडा शिल्लक आहे, खर्च नाही.